तंजावर : एका दिवसाची भ्रमंती

तिरुचिरापल्लीपासून सुमारे ६० किलोमीटरवरील तंजावर एका दिवसात पाहता येते. बृहदीश्वर मंदिर सकाळीच गाठावे. उन्हाने तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे पुढे कठीण होते. राजराज चोळाने इ. स. १०१०च्या सुमारास पूर्ण केलेले हे मंदिर १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरले. उत्तुंग शिखर पाहून परतण्याची घाई मात्र करू नये. प्राकाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, तोही मराठीत.

दुपारी गाभारा बंद असतो. ही वेळ राजवाडा, चोळकालीन कांस्यमूर्तींचे दालन आणि सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयासाठी राखावी. या ग्रंथालयात संस्कृत, तमिळसोबत मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रेही जतन केलेली आहेत. सुटीचा वार आधी विचारून घ्यावा.