फिरकी ते काट्याचं प्रथिन

साल १९६२. कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या बोळात तुम्ही पाच वर्षांचे आहात. मागच्या खेपेला देवी डॉक्टर आला, तेव्हा आजीनं तुम्हाला माळ्यावर दडवलं होतं. आज आईनं मनगट घट्ट धरलंय. "हलू नगंस, मुंगी चावल्यागत हुतंय." दंडावर लसीचा थेंब पडतो, त्यावर दातेरी फिरकी गर्रकन फिरते. तुमच्या बोंबेनं बोळ दणाणतो. थेंबात देवीचा नव्हे, तिच्या सौम्य भाऊबंदाचा विषाणू आहे: व्हॅक्सिनिया. तिकडे बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोत अशीच लस जनावरांच्या कातडीवर तयार होत आलीय.

आठव्या दिवशी फोड टरारतो, काखेत अवधाणाची गाठ येते, अंग तापतं. त्या गाठीत विषाणूचे तुकडे पोचलेत आणि ते ओळखणाऱ्या मोजक्या टी पेशी भराभर दुणावतायत. काही अँटिबॉडी बनवायला मदत करतात, काही थेट बाधित पेशी मारतात. छातीच्या हाडामागची थायमस ही त्यांची तालीम. आपल्याच घरावर हात टाकणारा गडी तिथून सहसा बाहेर पडत नाही. निवड इतकी कडक, की बहुतेक सगळे बादच होतात. या ग्रंथीचं काम जॅक मिलर यांनी लंडनमध्ये उंदरांवर दाखवलं, त्याला जेमतेम वर्ष झालंय. देवी डॉक्टरच्या कानावर ते अजून आलेलं नाही.

खपली पडते, व्रण उरतो. टी पेशींची फौज ओसरते, पण थोड्या मागे राहतात. देवीची लस घेतल्यावर ७५ वर्षांनीही अशा पेशी सापडल्याचं २००३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलं.

मार्च २०२१. वय चौसष्ट, तोंडावर मास्क, हातात आधार कार्ड, पुण्यात बनलेली कोविशिल्ड. देवीवर तयार झालेल्या पेशी इथे कामाच्या नाहीत. तालीमही केव्हाच ओस पडत आलीय. तरी जुन्या भरतीतले, आजवर एकही कुस्ती न खेळलेले काही गडी या लशीनं समोर आणलेलं कोरोनाच्या काट्याचं प्रथिन ओळखतात आणि वाढू लागतात.

जानेवारी २०२२. ओमिक्रॉननं रूप पालटलंय. अँटिबॉडींना चकवून तो तुम्हाला गाठतोच. पण टी पेशी त्या प्रथिनाचे अनेक छोटे तुकडे ओळखतात आणि त्यातले बहुतेक अजून तेच आहेत. दोन दिवस कणकण, घसा धरलेला, मग उतार. "लस घिऊन बी झालाच की," तुम्ही कुरकुरता आणि लॅबचा कागद पुढे करता. त्यावर फक्त अँटिबॉडींचा आकडा आहे. बाधित पेशी टिपणाऱ्यांची हजेरी त्या चाचणीत लागतच नाही.