उपरी की मिरासदार? सरकारी घर आणि हक्काची भावना

पेशवाईच्या महसुली दप्तरांत शेतकऱ्यांचे दोन वर्ग आढळतात. एक मिरासदार, ज्याला थळकरीही म्हणत. आणि दुसरा उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेने चाले. दुष्काळात तो गाव सोडून गेला, तरी परत येऊन आपली जमीन मागण्याचा त्याचा हक्क गाव मान्य करीत असे. उपरी मात्र कराराने जमीन कसे. करार संपला की त्याचा जमिनीशी संबंध संपला. १८१८ नंतर दक्षिणेत आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हा भेद समजून घेण्यासाठी पानेच्या पाने लिहिली.

हे जुने शब्द आज आठवण्याचे कारण सरकारी घरांचा प्रश्न हे आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत मी निरनिराळ्या राज्यांत सहा सरकारी घरांत राहिलो. या काळात एक गोष्ट सतत जाणवत आली. सरकारी घरात राहणारा माणूस कायद्याने उपरी असतो आणि मनाने मिरासदार. हे केवळ त्याच्या लोभामुळे घडते, असे म्हणून आपण मोकळे होतो. इतिहास पाहिला तर असे दिसते की ही भावना घडविण्यात शासनाचा स्वतःचा वाटा फार मोठा आहे.

दिल्लीपासून सुरुवात करू. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या शहराचे उद्घाटन झाले. या शहराची रचनाच हुद्द्यानुसार होती. कोणाचा बंगला कोठे, आवार केवढे, कारकुनाची वसाहत किती दूर, हे पदावरून ठरे. पत्ता सांगितला की पगार कळत असे. परंतु त्या काळी घराविषयी मालकीची भावना निर्माण होणे कठीण होते, कारण उन्हाळा आला की सरकार सिमल्यास जाई आणि इंग्रज अधिकारी नोकरी संपली की मायदेशी. घर हे मुक्कामाचे ठिकाण होते.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलले. सरकार बारा महिने दिल्लीत राहू लागले. सचिवालयातील कर्मचाऱ्यांची संपूर्ण नोकरी एकाच शहरात होऊ लागली. सरोजिनीनगर, नेताजीनगर, रामकृष्णपुरम् अशा वसाहती उभ्या राहिल्या. दूर प्रांतांतून आलेली कुटुंबे, त्यांत आपली मराठी कुटुंबेही होती, तेथे तीस-तीस वर्षे राहिली. मुलांच्या शाळा, शेजार, गणपती, लग्ने सारे तेथेच झाले. बदलीच्या नोकरीतील अधिकाऱ्याला घर सोडण्याची सवय लागते. या कुटुंबांना ती लागण्याचे कारणच नव्हते. नियमांच्या पुस्तकात मात्र ते कुटुंब पहिल्या दिवशी जितके तात्पुरते होते, तितकेच शेवटच्या दिवशीही.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. सरकारी घर भाडेपट्ट्याने दिले जात नाही, परवान्याने दिले जाते. म्हणूनच त्याच्या रकमेस भाडे न म्हणता ‘लायसन्स फी’ म्हणतात. भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो. परवान्याने फक्त राहण्याची अनुमती मिळते. बारा वर्षे राहिले की जागा आपली, असा एक समज सर्वत्र ऐकू येतो. तो येथे दोन कारणांनी चुकीचा आहे. शासनाच्या मालमत्तेबाबत १९६३ च्या मुदत कायद्यातील कालावधी तीस वर्षांचा आहे. आणि मुळात अनुमतीने घेतलेला ताबा कितीही वर्षे चालला तरी तेवढ्याने तो प्रतिकूल ताबा होत नाही.

कायदा इतका स्पष्ट असूनही घर रिकामे करून घेणे शासनाला सोपे गेले नाही. १९५० चा निष्कासन कायदा उच्च न्यायालयांत टिकला नाही. त्याजागी १९५८ चा कायदा आला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबचा तशाच स्वरूपाचा कायदा समानतेच्या तत्त्वावर अवैध ठरविला. आक्षेप असा की, साध्या घरमालकास दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि सरकारला मात्र हवे तर ती वाट, हवे तर ही जवळची वाट, असे का? त्यामुळे १९७१ चा सार्वजनिक जागांसंबंधीचा कायदा करावा लागला आणि तो १९५८ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केला गेला. पुढे १९७४ मध्ये मुंबई महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ चा दृष्टिकोन बदलला. २०१९ च्या दुरुस्तीने निवासी जागांसाठी कारणे दाखवा नोटिशीची मुदत तीन कामकाजाच्या दिवसांवर आणली. म्हणजे सात दशकांत कायदा अधिकाधिक कठोर होत गेला. भावना मात्र जागच्या जागी राहिली. असे का व्हावे?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला याचे उत्तर हिशेबात दिसते. लायसन्स फी नाममात्र असते, हे खरे. परंतु सरकारी घर घेणाऱ्यास घरभाडे भत्ता मिळत नाही. जानेवारी २०२४ पासून महानगरांत हा भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के झाला. तो सोडून देणे हीच घराची खरी किंमत होय. त्यामुळे “आम्ही फुकट राहिलो नाही” हे कर्मचाऱ्याचे म्हणणे निराधार नाही. मात्र ही किंमत पगारातून कधी कापली जात नाही, ती मिळतच नाही. म्हणून ती कोणाला दिसत नाही. ज्या महिन्यात निवृत्ती येते, त्याच महिन्यात हा हिशेब एकदम उलटतो. जुन्या पद्धतीने निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या निम्मे, त्यात घरभाडे भत्ता नाही, आणि बाजारातील भाडे पूर्ण. नियमांत निवृत्तीनंतर घर ठेवण्यास काही महिन्यांची सवलत आहे. पण तीस वर्षांत न झालेली तयारी त्या महिन्यांत होत नाही. अशा वेळी मनुष्य अर्ज करतो, आजारपणाचे कारण देतो, स्थगिती मागतो. त्यातून जो थोडा काळ मिळतो, तो हक्काचा पुरावा वाटू लागतो.

दुसरे कारण नैतिक आहे. लहान माणूस मोठ्याकडे पाहतो. उत्तर प्रदेशात माजी मुख्यमंत्र्यांना तहहयात बंगले देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केले. तेव्हा राज्याने कायद्यातच दुरुस्ती केली. २०१८ मध्ये न्यायालयाने तीही घटनाबाह्य ठरविली. पद सोडल्यावर माजी मुख्यमंत्री हा सामान्य नागरिकच असतो, हा त्या निकालाचा गाभा आहे. हे सांगण्यास २०१८ साल उजाडावे लागले, ही गोष्ट चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्याच्या लक्षात राहते.

याच दिल्लीत वेगळे उदाहरणही आहे. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी बंगला सोडून २६, अलीपूर रोड येथे राहावयास गेले. ते घर सिरोहीच्या महाराजांचे होते. तेथेच ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आज तेथे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. थोरवीला सरकारी छपराची आवश्यकता नसते, हे यावरून दिसावे.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. शासन स्वतःच काही उपऱ्यांना मिरासदार करते. मुंबईतील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तीन-चार पिढ्या नांदल्या. पुनर्विकासात या भाडेकरूंना ५०० चौरस फुटांचे घर मालकीने विनामूल्य देण्याचे ठरले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. गिरणी कामगारांच्या त्या वारसांना घर मिळाले, याचा मलाही आनंद आहे. परंतु याच चाळींत पोलिसांना सेवानिवासस्थान म्हणून दिलेल्या खोल्याही होत्या. त्यांत वर्षानुवर्षे राहिलेल्या कुटुंबांना १५ लाख रुपयांत घर देण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. आता दोन हवालदारांचा विचार करा. दोघांची सेवा सारखी. एक नियमाप्रमाणे निवृत्त होताच घर सोडून विरार-बदलापूरला गेला, दुसरा राहिला. ज्याने नियम पाळला त्याच्या हाती काही आले नाही. यातून समाज कोणता धडा घेईल, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका निवृत्त अधिकाऱ्याच्या प्रकरणात सांगितले की, निवाऱ्याचा हक्क म्हणजे सरकारी घराचा हक्क नव्हे. ही घरे सेवेत असलेल्यांसाठी आहेत. निकाल योग्य आहे, कारण प्रत्येक अडलेल्या घरामागे प्रतीक्षायादीतील एक कुटुंब उभे असते. पण ते कुटुंब कधी छायाचित्रात दिसत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत नव्वदी उलटलेले ओडिसी गुरू मायाधर राऊत यांना सरकारी घरातून बाहेर काढले गेले, तेव्हा रस्त्यावर ठेवलेले त्यांचे सामान सर्व देशाने पाहिले. लोकांची सहानुभूती साहजिकच त्या वृद्ध कलावंताकडे गेली. वर्षानुवर्षे ढिलाई आणि मग एके दिवशी कठोरता, ही रीत कायद्याला निर्दय ठरविते आणि हक्काच्या खोट्या भावनेला बळ देते.

आपल्या इतिहासात वतनांचे असेच झाले. सेवेचा मोबदला म्हणून दिलेली जमीन घराण्याची मालमत्ता झाली. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी सावध केले होते. तरीही वतने टिकली, आणि ती मोडण्यासाठी स्वतंत्र भारतात १९५० चा परगणा व कुलकर्णी वतनांचा कायदा व १९६२ चा पाटीलकी रद्द करणारा कायदा करावा लागला.

माझ्या मते उपाय नोटिशीची मुदत आणखी घटविण्यात नाही. घर देतानाच ते सोडण्याची तयारी सुरू व्हावयास हवी. भत्ता न घेतल्याने वाचलेली सरकारी रक्कम दरमहा वेतनचिठ्ठीवर लिहावी, म्हणजे घराची खरी किंमत दोन्ही पक्षांना दिसेल. घरबांधणी अग्रिम उमेदीच्या वर्षांत मिळावा, निवृत्तीच्या तोंडावर नव्हे. आणि नियम पाळून वेळेवर घर सोडणाऱ्यास, न सोडणाऱ्यापेक्षा कमी मिळेल असा कोणताही निर्णय शासनाने घेऊ नये. उपऱ्याला आपण उपरी असल्याचे दुःख नसते; शेजारचा उपरी मिरासदार झाला, याचे असते.