मोबाइल फोनमधील रेडिओ प्रक्षेपक

मोबाइल फोनमधील रेडिओ प्रक्षेपक हा वापरकर्त्याचा आवाज किंवा माहिती रेडिओ लहरींच्या रूपात मोबाइल मनोऱ्याकडे पाठवणारा विद्युत परिपथ आहे.

कार्यपद्धती
मायक्रोफोन आवाजाचे विद्युत संकेतात रूपांतर करतो. हा संकेत अंकीय स्वरूपात आणून संक्षिप्त केला जातो. ऑसिलेटर उच्च वारंवारतेची वाहक लहर निर्माण करतो आणि मॉड्युलेटर तिच्यावर संकेत आरूढ करतो. जीएसएम ९०० पद्धतीत फोन ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात प्रक्षेपण करतो. शक्तिवर्धक लहरीची शक्ती वाढवतो, फिल्टर अनावश्यक वारंवारता वगळतो आणि अँटेना लहर प्रक्षेपित करतो.

शक्तिनियंत्रण
मनोरा फोनकडून आलेल्या संकेताची तीव्रता मोजून प्रक्षेपणशक्ती कमी-अधिक करण्याची आज्ञा देतो. जीएसएम ९०० फोनची कमाल शक्ती सामान्यतः २ वॅट, तर ४जी फोनची सुमारे ०.२ वॅट असते. मनोरा जवळ असल्यास याहून पुष्कळ कमी शक्ती पुरते व बॅटरी वाचते.

डोंगराळ भागातील मर्यादा
अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूरसारख्या सह्याद्रीलगतच्या परिसरात डोंगर रेडिओ लहरींना अडवतात. अशा ठिकाणी फोन शक्ती वाढवतो आणि बॅटरी लवकर उतरते. मनोऱ्याचा प्रक्षेपक फोनपेक्षा अधिक शक्तिशाली असल्याने त्याचा संकेत फोनपर्यंत पोहोचतो. मात्र फोनचा दुर्बळ संकेत मनोऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. फोनवरील सिग्नलच्या रेघा केवळ मनोऱ्याकडून येणाऱ्या संकेताची तीव्रता दर्शवतात. त्यामुळे रेघा दिसत असूनही संपर्क जुळत नाही, असे घडू शकते. मनोऱ्याच्या दिशेने मोकळ्या, उंच जागी गेल्यास ही अडचण बहुधा कमी होते.