खंदकातला फोन आणि डब्यातला फोन

रेल्वेच्या डब्यात कुणी फोनवर मोठ्यानं बोललं की आपली झोपमोड होते, आपण चिडतो. मला त्याहून काळजी वाटते ती ऐकणाऱ्यांची.

पहिल्या महायुद्धात खंदकातला टेलिफोन बहुधा एकाच तारेवर चाले. परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. जर्मनांनी जमिनीत सळया रोवल्या, तो क्षीण प्रवाह यंत्रानं वाढवला आणि ब्रिटिशांचं बोलणं ऐकत बसले. १९१५ मध्येच कॅप्टन फुलर यांनी असं चोरून ऐकणं अवघड करणारा ‘फुलरफोन’ तयार केला होता. तरी साधे फोन वापरात राहिलेच. सोमच्या हल्ल्याच्या आदल्या रात्री जनरल रॉलिन्सन यांच्या शुभेच्छा ला ब्वासेलजवळ कुणीतरी फोनवरून पुढं कळवल्या. शुभेच्छाच त्या! जर्मन ठाण्यानं त्यांचा तुकडा पकडला. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मेले. कारणं बरीच होती, तोफांनी काटेरी तारा न तुटणं हे त्यातलं मोठं. पण ला ब्वासेलला शत्रू तयारीत होता.

आता सळया रोवायलाही नकोत. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ कार्डाचे सोळा आकडे मोठ्यानं वाचतात, मागोमाग ओटीपी. परवा एकानं शेजाऱ्याला फोनवर सांगितलं, गुरुवारी परततो, किल्ली कुंडीखाली आहे. मी भोपाळला उतरलो तोवर ती कुंडी कितव्या मजल्यावर आहे, हेही डब्याला ठाऊक झालं होतं.