रमाबाईंची आठ वर्षे

ख्रिस्ती मराठी म्हटले की आम्हां गोवेकरांना फादर स्टीफन्स आठवतो आणि १६१६ सालचे त्याचे ख्रिस्तपुराण. त्याच्या कॅथलिक चर्चने एका बाबतीत मात्र हात आखडता घेतला होता. खास साक्षात्कार झाल्याशिवाय आपले तारण पक्के झाले असे कोणीही ठामपणे म्हणू नये, असे १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवले. (आपण 'तारण' बँकेत ठेवतो; ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे मुक्ती!) आशा हवी, भरवसा हवा, पण अशी ग्वाही नको. प्रॉटेस्टंटांतल्या अनेकांनी नेमकी उलट बाजू धरली.

ही ग्वाही मिळण्याआधीची आणि नंतरची अवस्था स्वतःच लिहून ठेवणारी मराठी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. सगळे कुटुंब पायी तीर्थे करीत, उपास आणि दाने करीत हिंडले. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. एवढे पुण्य गाठीला बांधूनही देव पावला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टरांशीही त्या वाद घालीत राहिल्या. भटभिक्षुकांचे जोखड उतरवून पाद्र्यांचे मानेवर घ्यायला ही बाई तयार नव्हती.

१९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे. विल्यम हॅसलम या इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले होते. हा गृहस्थ चर्चमध्ये प्रवचन देता देता स्वतःच बदलला! संस्कार, अभ्यास, सत्कर्मे यांवर काही टेकलेले नाही, देवाने आपल्याला आहे तसे पत्करले आहे, अशी रमाबाईंची खात्री झाली. साऱ्या बालपणाचा पुण्यसंचय एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला, असे ठेवून पाहिले तर तिचे वजन कळते.

अशी खात्री झालेला माणूस गप्प बसत नाही. आणि शारदासदन तर धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या शब्दावर उभे होते. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, मुली येऊन बसत. १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुणेकरांचा राग निव्वळ कर्मठपणा होता असे मला वाटत नाही. दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. पण प्रार्थनेच्या वेळी दार लावून घ्या असे रमाबाईंना सांगणे, म्हणजे लाज बाळगा असेच सांगणे होते.

त्या डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. केडगावच्या ज्या वस्तीत त्यांना ठेवले, तिला नाव दिले 'मुक्ती'.