बाळाचा पहिला फोटो: कॅमेऱ्यामागे कोण?

हल्ली घरात बाळ जन्मले की अकीक्याच्या तयारीबरोबर आणखी एक काम यादीत येते, ते म्हणजे बाळाचे फोटोशूट. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ बराच वेळ झोपते, हातपाय पोटाशी घेऊन राहते. म्हणून फोटोग्राफर याच दिवसांतली तारीख मागतात. बाळंतीण अजून चिल्ल्यात असते, चाळीस दिवस पूर्ण व्हायचे असतात, आणि त्यातच एक परका माणूस दिवे, टोपल्या, लोकरीच्या टोप्या घेऊन घरात येतो. फोटोग्राफर निवडताना मात्र घरातली चर्चा बहुधा पॅकेजच्या दरावर आणि अल्बमच्या पानांवर संपते. कॅमेऱ्यामागे कोण असावे, हा त्याआधीचा प्रश्न आहे. तो नवा नाही. आपल्याकडच्या मुस्लिम घरांनी तो सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला होता आणि त्याचे उत्तरही मिळवले होते.

मुसलमान कॅमेऱ्यापासून दूरच राहिले, असा एक समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. 1839 साली पॅरिसमध्ये फोटोग्राफीची कला जाहीर झाली. त्यानंतर 22 वर्षांनी, 1861 मध्ये, मुहम्मद सादिक बे या इजिप्शियन लष्करी अधिकाऱ्याने मदिनेचे फोटो काढले. लखनौमध्ये तर 1857 च्या आधीच अहमद अली खान कॅमेरा चालवत होते आणि तिथल्या इंग्रज कुटुंबांचेही फोटो काढत होते. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सदस्य होते.

त्या काळात तान्ह्या बाळाचा फोटो काढणे फार कठीण होते. काचेची ओली प्लेट कॅमेऱ्यात सरकवून काही सेकंद उघडी ठेवावी लागे आणि तेवढा वेळ समोरच्याने हलायचे नाही. मोठी माणसे श्वास रोखून बसत. बाळाला कोण सांगणार? युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंनी यावर एक तोड काढली. आईला खुर्चीत बसवायचे, तिच्यावर कापड किंवा गालिचा पांघरायचा आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवायचे. फोटोत बाळ आणि त्याच्यामागे एक झाकलेला आकार दिसे. असे बरेच फोटो आज संग्रहांमध्ये आहेत आणि अभ्यासक त्यांना ‘लपलेली आई’ म्हणतात. आई दिसत नव्हती, पण तिचा हात बाळाला धरून होता.

आपल्याकडे अडचण वेगळी होती. पर्द्यातल्या स्त्रीने परपुरुषाच्या कॅमेऱ्यासमोर बसायचे कसे? आणि बाळ तर आईजवळच असणार. या अडचणीतून मार्ग निघाला तो हैदराबादेत. राजा दीनदयाळ हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर होते. ते मेरठजवळच्या सरधन्याच्या जैन घराण्यातले. निजामांनी त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. 1892 मध्ये त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. त्याची जबाबदारी मिसेस केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे होती आणि त्यांच्या मदतनीसही स्त्रियाच होत्या. स्टुडिओभोवती उंच भिंती होत्या. आपला मराठवाडा तेव्हा याच निजामी राज्यात होता.

घरच्यांची अट स्पष्ट होती: फोटो हवा, पण आमच्या मर्यादेत. ती अट पाळून धंदा चालवता येतो हे एका बिगरमुस्लिम व्यावसायिकाने ओळखले आणि त्यासाठी वेगळी जागा व वेगळी माणसे उभी केली. पुढे विसाव्या शतकात कोलकात्यात अन्नपूर्णा दत्त यांनी घरोघरी जाऊन फोटो काढण्याचा व्यवसाय केला. पर्दा पाळणाऱ्या मुस्लिम कुटुंबांतही त्यांना बोलावणे येई. म्हणून आज कोणी ‘आम्हाला बाई फोटोग्राफरच हवी’ असे म्हटले, तर त्यात मागासलेपणा शोधू नये. ग्राहकाची ही मागणी या धंद्यात जुनी आणि मान्य झालेली आहे.

तसवीर जायज की नाजायज, हा वादही याच काळातला. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी म्हटले की कॅमेरा नवे रूप घडवत नाही, असलेली सावली पकडून ठेवतो. भारतातल्या अनेक उलेमांना हे पटले नाही. ज्या घराने फोटो नकोच असे ठरवले आहे, त्या घराचा मान राखावा. ज्यांना हवा आहे त्यांनी एक शब्द मात्र लक्षात ठेवावा. ‘मुसव्विर’ हे अल्लाहच्या नावांपैकी एक आहे. आईच्या पोटात बाळाला रूप देणारा तोच, असे कुरआनच्या सूरह आले इमरानमध्ये सांगितले आहे. ते रूप आपल्याकडे अमानत म्हणून आले आहे. ते कोणाच्या हाती द्यायचे, हे दर पाहून ठरत नाही.

1900 साली कोडॅकने एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढला आणि हळूहळू घरातलेच कोणी मामा-काका बाळाचे फोटो काढू लागले. 1996 मध्ये ॲन गेडिस यांचे ‘डाउन इन द गार्डन’ हे पुस्तक आले. फुलापानांत झोपलेल्या बाळांच्या त्या फोटोंनी जगभर नवी आवड निर्माण केली. आज आपल्या तालुक्याच्या गावातही कोणी टोपलीत, कोणी भोपळ्यात बाळ ठेवून फोटो काढते.

इथे ‘लपलेली आई’ पुन्हा आठवावी. बाळ दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकून बसलेले दिसते, तो फोटो एका वेळी काढलेला नसतो. तान्ह्या बाळाची मान तेवढी धरत नाही. एका फोटोत कोणी डोके धरते, दुसऱ्यात मनगटे, आणि मग संगणकावर दोन्ही जोडून धरणारा हात पुसला जातो. तेव्हा हात कापडाने झाकत, आता संगणकाने पुसतात. हात मात्र असायलाच हवा. म्हणून फोटोग्राफरला पहिला प्रश्न हाच विचारा: ही पोझ तुम्ही कशी करता? जो म्हणेल ‘बाळ आपोआप बसते’, त्याला परत पाठवा.

दुसरा प्रश्न खोलीचा. बाळाचे अंग लवकर गार पडते, म्हणून खोली उबदार हवी, पण हीटर अंगाजवळ नको. हात धुतलेले हवेत आणि खोकला असणाऱ्याने त्या दिवशी येऊ नये. बाळ रडले तर थांबायचे, दूध पाजायचे, हे आधीच ठरवावे. आईला नको वाटले तर शूट पुढे ढकलावे.

तिसरा प्रश्न फोटो कुठे राहतील हा. जुन्या काळी ग्राहक कागदावरचा फोटो घरी नेई आणि काचेची निगेटिव्ह स्टुडिओत राही. दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. म्हणजे फोटो काढणारा गेला, काढून घेणारे गेले, तरी प्रतिमा राहते. आज ती फोटोग्राफरच्या संगणकात आणि इन्स्टाग्रामवर राहते. बाळाचा उघड्या अंगाचा किंवा आईचा फोटो जाहिरातीसाठी वापरायचा नाही, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी ‘नाही टाकणार’ पुरेसे नाही.

अकीक्याला आपण बाळाच्या जावळाच्या वजनाइतकी चांदी सदका करतो. इतक्या हलक्या केसांचीही मोजदाद ठेवणारी आपली रीत आहे. मग बाळाच्या चेहऱ्याचा हिशेब ढिला का असावा? आज त्याला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण विचारायचे. उद्या मोठे होऊन ते अल्बम उघडेल तेव्हा त्याला लाज वाटू नये, एवढे पाहणारा माणूस कॅमेऱ्यामागे उभा करावा. पॅकेजचा दर त्यानंतर विचारावा.