मोटारीची हमी व हेडलाइटचे बल्ब

भारतात नव्या मोटारीबरोबर उत्पादक जी हमी (वॉरंटी) देतो, तिच्यात हेडलाइटचा उडालेला बल्ब विनामूल्य बदलून देण्याची जबाबदारी सहसा येत नाही. टायर, वायपरची पाती, फिल्टर, ब्रेक पॅड, फ्यूज यांच्याप्रमाणे बल्ब हाही वापराने झिजणारा भाग मानला जातो. मात्र बल्ब पुनःपुन्हा उडत असेल आणि त्याचे कारण वायरिंग, होल्डर किंवा अल्टरनेटर यांतील दोषात असेल, तर तो मूळ दोष हमीच्या कक्षेत येतो. ग्राहक व सर्व्हिस सेंटर यांच्यातील बहुतेक वाद हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

हमीची व्याप्ती

बोलीभाषेत ‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १२ नुसार वॉरंटी ही कराराच्या मुख्य हेतूला पूरक अशी अट आहे. तिचा भंग झाल्यास नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्या कारणावरून माल नाकारता येत नाही. मोटारीची हमी प्रत्यक्षात याहूनही मर्यादित असते. साहित्यातील अथवा निर्मितीतील दोषामुळे निकामी झालेला भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे, एवढेच वचन उत्पादक देतो. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच तत्त्व मान्य केले. हमीपत्रात सदोष भाग बदलण्याचे वचन असताना संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला नाही.

मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ हमी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटरपर्यंत वाढवली. मुदत वाढली म्हणून वगळलेल्या भागांची यादी आखूड होते असे नाही. या कंपनीच्या मालक-पुस्तिकेत झिजणाऱ्या भागांच्या यादीत बल्बचा उल्लेख नावानिशी आढळतो. हेडलाइटचा झोत जुळवून देण्याचे कामही नेहमीच्या देखभालीत धरलेले आहे. इतर उत्पादकांची भाषा थोडीफार वेगळी असते. म्हणून पुस्तिकेतील ‘हमीत समाविष्ट नसलेले भाग’ हे पान गाडी ताब्यात घेतानाच वाचणे इष्ट; प्रत्यक्षात ते बल्ब उडाल्यावरच उघडले जाते.

बल्ब का उडतो

भारतीय मोटारींत दीर्घकाळ प्रचलित असलेल्या एच-४ प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनचे दोन तंतू असतात: वरच्या झोतासाठी ६० वॅटचा आणि खालच्या झोतासाठी ५५ वॅटचा. तापलेल्या तंतूतून टंगस्टनची वाफ होत राहते. बल्बमधील हॅलोजन वायू तिच्याशी संयोग पावून ते टंगस्टन पुन्हा तंतूकडे नेतो, पण ते मूळ जागीच परत बसते असे नाही. तंतू एखाद्या ठिकाणी बारीक होत जातो आणि अखेर तुटतो. हा शेवट दोषामुळे नव्हे, तर बल्बच्या स्वभावानुसारच होतो. उत्पादकांच्या युक्तिवादाचा आधार हाच आहे, आणि एका बल्बपुरता तो रास्त म्हटला पाहिजे.

विद्युतदाब थोडा जरी वाढला तरी आयुष्य झपाट्याने घटते. ५ टक्के जादा दाबाने ते जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणूनच व्होल्टेज रेग्युलेटर बिघडलेल्या गाडीत एकामागून एक बल्ब जातात. खड्ड्यांतील हादरे, सैल होल्डर आणि बल्ब बसवताना काचेला लागलेला बोटांचा तेलकटपणा हीदेखील कारणे आहेत. तेलकट डाग पडलेली जागा जास्त तापते आणि क्वार्ट्झची काच तेथे कमकुवत होते.

नवी मुंबईतील परिस्थिती

खाडीकाठच्या या शहरात दमट, खारट हवेमुळे होल्डरच्या धातूच्या पट्ट्यांवर गंज चढतो. पावसाळ्यात शीव-पनवेल महामार्गावर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यास पाणी हेडलाइटच्या आत शिरू शकते. बल्ब बदलल्यावर मागचे रबरी आवरण नीट न बसवल्यास हा धोका वाढतो. आतल्या आरशासारख्या परावर्तकाचा मुलामा त्यामुळे उडाला, तर पूर्ण हेडलाइट बदलावा लागतो. अशा वेळी ‘पाणी बाहेरून शिरले’ असे सांगून हमी नाकारली जाते. आवरण कोणी काढले होते, याची नोंद जॉब कार्डावर असणे म्हणूनच महत्त्वाचे.

अधिक उजेडासाठी १०० वॅटचे बल्ब बसवण्याची हौसही वादाचे मोठे मूळ आहे. मूळ वायरिंग एवढ्या प्रवाहासाठी बनवलेले नसते. होल्डर वितळतो, तारा करपतात, आणि त्या वायरिंगवरील हमीचा दावा मग टिकत नाही. समोरच्या चालकाचे डोळे दिपतात ते वेगळेच.

एलईडी हेडलाइट

नव्या गाड्यांतील अनेक एलईडी हेडलाइटमध्ये सुटा बल्बच नसतो. एक दिवा गेला तरी पूर्ण संच बदलावा लागतो आणि त्याचा खर्च काही हजारांपासून पुढे जातो. हॅलोजन बल्ब काही शे रुपयांत मिळतो. असा संच सहसा विद्युत भाग म्हणून हमीत येतो. ‘बल्ब’ या शब्दाखाली तो नाकारला गेल्यास ग्राहकाने लेखी कारण मागावे.

विमा

मोटारीच्या सर्वसमावेशक विम्यातून झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड वगळलेले असतात. त्यामुळे आपोआप उडालेल्या बल्बची भरपाई तेथेही मिळत नाही. अपघातात फुटलेल्या हेडलाइटची मिळू शकते.

दाद मागण्याची व्यवस्था

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार अंधारात पुढचे दिवे चालू असणे बंधनकारक आहे. हमीचा वाद चालू असला तरी ही जबाबदारी चालकाचीच राहते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७७ खाली पहिल्या गुन्ह्यास ५०० रुपयांपर्यंत, तर नंतरच्या गुन्ह्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. बल्ब तूर्त स्वखर्चाने बदलून पावती व जुना बल्ब जपून ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

बल्ब वारंवार उडत असल्यास प्रत्येक वेळी जॉब कार्डावर तक्रार नोंदवून विद्युतदाब तपासण्याची मागणी लेखी करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. मुदत २ वर्षांची आहे. मोटारीसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. किंमत ५ ते १० लाखांच्या दरम्यान असल्यास शुल्क २०० रुपये, म्हणजे एका बल्बच्या किमतीच्या आसपास.

नवी मुंबईकरांच्या बाबतीत जिल्ह्याची सीमा महत्त्वाची ठरते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात असून ठाण्याच्या अतिरिक्त जिल्हा आयोगाचे कामकाज बेलापूरच्या कोकण भवनात चालत आले आहे. खारघर, कामोठे, कळंबोली व पनवेल रायगड जिल्ह्यात मोडतात. तेथील रहिवाशांचा जिल्हा आयोग अलिबाग येथे आहे. मात्र विक्रेत्याचे दुकान वाशीत असेल, तर त्या आधारावर त्यांनाही ठाणे जिल्ह्यात तक्रार करता येते.